रुळांवरचा जुना पूल : पाडणी, उभारणी आणि मधला सांधा

नदीवर पूल बांधणाऱ्याला पूर ओसरण्याची वाट पाहता येते. पावसाळा सरला, पाणी उतरले, की कोरड्या पात्रात उतरून त्याला आपले काम करता येते. रेल्वेच्या रुळांवर पूल बांधणाऱ्याला ही सवड मिळत नाही. मोठ्या शहरात रुळांवरून वाहणारा गाड्यांचा पूर दिवसाचे वीस-एकवीस तास चालूच असतो, आणि तो बारमाही असतो. त्यातही नवा पूल मोकळ्या जागी बांधणे एक वेळ सोपे. परंतु जेथे आधीच एक जुना पूल उभा आहे, ज्याच्यावरून रोज हजारो वाहने जातात आणि ज्याच्याखालून शेकडो गाड्या धावतात, तो उतरवून त्याच जागी दुसरा उभारावयाचा, हे स्थापत्यशास्त्रातील अत्यंत अवघड कामांपैकी एक होय.

आपल्या बेळगावकरांना हा विषय परका नाही. टिळकवाडीतील पहिले, दुसरे, तिसरे फाटक ही नावेच सांगतात की, हे शहर रुळांनी दोन भागांत विभागलेले आहे. खानापूर रस्त्यावरील ब्रिटिश अमदानीतील पूल पाडून त्या जागी नवा रुंद पूल २०१८ साली खुला झाला, तोवरची वाहतुकीची ओढाताण अनेकांच्या स्मरणात असेल. मराठीत पूल म्हणा की कन्नडात सेतुवे म्हणा, ओझे वाहण्याचे नियम दोन्हीकडे एकच आहेत. प्रस्तुत लेखात हे नियम, आणि नियमांइतकीच महत्त्वाची असलेली व्यवहारातील अडचण, मुंबईतील काही पुलांच्या आधाराने समजून घ्यावयाची आहे. मुंबईची उदाहरणे घेण्याचे कारण असे की, गेल्या दहा वर्षांत इतके जुने रेल्वेपूल पाडून पुन्हा बांधण्याचे काम तेथे निघाले की, त्यांतून अभ्यासास भरपूर सामग्री मिळते.

पुलाला म्हातारपण कशाने येते?

पुलाचे वय आपण वर्षांत मोजतो. ही सोय आहे, शास्त्र नव्हे. लोखंडी पूल तीन कारणांनी थकतो.

पहिले कारण गंज. रुळांवरील पुलाच्या पोटाखालून पूर्वी वाफेची इंजिने जात. दगडी कोळशाच्या धुरात गंधकाचे वायू असतात. दमट हवेत त्यांचे आम्ल बनते व ते थेट गर्डरांच्या तळाशी बसते. वरून रस्त्याचे पाणी तुटक्या सांध्यांतून झिरपते आणि जेथे झाडणे, घासणे, रंगविणे कठीण अशा कोपऱ्यांत साचून राहते. मुंबईत त्यात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची भर पडते. म्हणजे जो भाग सर्वांत अधिक ताण सोसतो, तोच भाग सर्वांत अधिक कुजतो, आणि नेमका तोच भाग रस्त्यावरून चालणाऱ्याला दिसत नाही.

दुसरे कारण धातूचा थकवा. लोखंडी तार एकदा वाकविली म्हणून तुटत नाही. तीच तार पुन्हा पुन्हा वाकविली तर थोड्याच जोराने तुटते. पुलावरून जाणारे प्रत्येक जड वाहन गर्डराला किंचित वाकविते व सोडते. लक्षावधी वेळा असे झाले की, रिव्हेटच्या भोकाभोवती केसाएवढ्या बारीक चिरा सुरू होतात.

तिसरे कारण वाढत गेलेला बोजा, आणि याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. एक साधे गणित करू. डांबरी थराचे वजन एका घनमीटरला सुमारे २,३०० किलो धरले, तर पाच सेंटिमीटर जाडीच्या थराचे वजन दर चौरस मीटरला ११५ किलो भरते. जुना थर न खरवडता वेळोवेळी असे चार थर चढले, तर दर चौरस मीटरवर ४६० किलोंची भर पडली. पुलाचा एक गाळा १५ मीटर लांब व १० मीटर रुंद असेल तर एकट्या त्या गाळ्यावर ६९ टन अधिक बसले. हे ६९ टन जाणारे-येणारे नाहीत. ते रात्रंदिवस तेथेच बसून आहेत. शिवाय पाण्याचे नळ, विजेच्या व टेलिफोनच्या केबली, फरशा, कठडे, दिव्यांचे खांब. पूल कोणासाठी बांधला होता आणि आज तो काय वाहतो आहे, याचा जमाखर्च बहुधा कोणाच्याच वहीत नसतो.

ही तीन कारणे ध्यानात घेतली म्हणजे पुढील गोष्टीचे नवल वाटणार नाही. मुंबईतील मशीद बंदर भागातील कर्नाक पूल १८६८ सालचा. शीवचा रेल्वेपूल १९१२ चा. अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ चा, म्हणजे पहिल्याच्या मानाने नातवंड. तरीही आधी कोसळला तो गोखले पुलाचाच भाग.

अंधेरीची दुर्घटना

३ जुलै २०१८ च्या सकाळी, पावसात, गोखले पुलाच्या पदपथाचा एक भाग तुटून पश्चिम रेल्वेच्या रुळांवर पडला. ओव्हरहेड वायर तुटल्या. एका लोकलच्या मोटरमनने ते पाहून वेळीच आणीबाणीचे ब्रेक लावले व गाडी अलीकडेच थांबविली, म्हणून अनर्थ टळला. तरीही या दुर्घटनेत जखमी झालेल्यांपैकी दोघांचा पुढे मृत्यू झाला. पश्चिम उपनगरांची जीवनवाहिनी तो सारा दिवस विस्कळीत राहिली.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट पाहावी. पडला तो पदपथ. मुख्य पूल उभाच होता. पदपथ मुख्य गर्डरांच्या बाहेर काढलेल्या लोखंडी ब्रॅकेटांवर उभा होता. भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखी ही रचना असते. तिचा एकच टोकाला आधार असतो, आणि तो आधार गेला की ओझे वाटून घेणारा दुसरा कोणी नसतो. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या : ब्रॅकेट गंजलेले होते, आणि पदपथावर केबली, वाळू, फरशा यांचा बोजा मूळच्यापेक्षा पुष्कळ वाढलेला होता.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते कल्पित आकड्यांनी पाहू. समजा, ब्रॅकेटवरील भार दुप्पट झाला. खुंटीच्या मुळाशी येणारे नमनघूर्णही दुप्पट झाले. त्याच काळात गंजामुळे वरच्या-खालच्या पट्ट्या १२ मिलिमीटरवरून ६ मिलिमीटरवर आल्या, म्हणजे छेदाची शक्ती जवळजवळ निम्मी झाली. दुप्पट भार निम्म्या शक्तीवर, म्हणजे धातूतील ताण चौपट. अभियंता जी सुरक्षिततेची राखीव ठेव ठेवतो ती साधारणपणे दुपटीच्या आसपासची असते, चौपटीची नसते. गंज एकट्याने पूल पाडीत नाही, बोजा एकट्याने पाडीत नाही. दोघांचा गुणाकार पाडतो.

आता प्रश्न असा : केबली कोणी टाकल्या, फरशा कोणी बसविल्या, आणि खालून ब्रॅकेट तपासावयाचे कोणी? वरचा रस्ता शहराचा, खालची जागा रेल्वेची. खालून तपासणी करावयाची तर ओव्हरहेड वायरची वीज बंद करून गाड्या थांबवाव्या लागतात. वरच्याला खालचे दिसत नाही आणि खालच्याला वर काय चढले ते कळत नाही. दुर्घटनेनंतर रेल्वे, महापालिका व आय. आय. टी. मुंबई यांनी मिळून रुळांवरील ४४५ पुलांची तपासणी करावी, असा निर्णय रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केला. त्यातील ‘मिळून’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा होता.

नवा पूल जुन्याच्या जागी नेमका का बसत नाही?

सामान्य माणसाला वाटते की, जुना पूल काढला की त्याच मापाचा नवा ठेवला, संपले काम. तसे का होत नाही, हे समजण्यास तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट उंचीची. मुंबईत विजेवरील रेल्वे १९२५ मध्ये सुरू झाली ती १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर. पुढे ती २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आणली गेली. उपनगरी मार्गांवरील हे काम २०१६ पर्यंत पूर्ण झाले. विजेचा दाब जितका अधिक, तितकी तार व पुलाचे पोट यांत हवेची मोकळी जागा अधिक लागते. नाहीतर वीज हवेतूनच उडी घेईल. भायखळा व सँडहर्स्ट रोड यांच्या मधला हँकॉक पूल हा १८७९ चा व पुढे १९२३ मध्ये पुन्हा बांधलेला. त्याची कमी उंची या बदलाच्या आड येत होती, हे तो पाडण्यामागचे एक कारण होते. आपल्याकडेही तोच न्याय. बेळगावची लाइन मुळात मीटरगेज. लहान गाड्यांच्या मापाने बांधलेले पूल १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आल्यावर आणि पुढे विद्युतीकरण झाल्यावर अपुरे पडणारच.

दुसरी गोष्ट गाळ्याच्या लांबीची. जुने पूल रुळांच्या मधोमध खांब उभे करून बांधलेले असत. एकेक गाळा लहान असे. आज रेल्वे रुळांमध्ये खांब नको म्हणते, कारण पुढे आणखी मार्ग टाकावयाचे असतात. शीवचा पूल बदलण्याच्या कारणांत पाचव्या व सहाव्या मार्गिकेसाठी लागणारी जागा हे एक कारण आहे. आता सारख्या पसरलेल्या भाराखाली तुळईच्या मध्यावरचे नमनघूर्ण हे लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण पहिल्या वर्षातच शिकतो. १५ मीटरच्या चार गाळ्यांऐवजी ६० मीटरचा एकच गाळा केला, तर लांबी चौपट आणि नमनघूर्ण सोळापट. मग तुळई खोल करावी लागते. ती रस्त्याच्या खाली खोल केली तर रस्ता वर जातो. म्हणून बहुधा गर्डर रस्त्याच्या दोन्ही बाजूंस वर उभे करतात आणि रस्ता त्यांच्या मधून नेतात. अशाने रस्त्याखालची जाडी कमी राखता येते, तरीही उंची काही प्रमाणात वाढतेच.

तिसरी गोष्ट चढाची. सपाट प्रदेशातील रस्त्याला सर्वसाधारणपणे तीसास एक याहून अधिक चढ देऊ नये, असा आपल्याकडचा संकेत आहे. मग पूल दीड मीटरने उंच झाला की, चढ प्रत्येक बाजूस ४५ मीटरने लांबला. कागदावर ४५ मीटर म्हणजे एक रेघ. शहरात ४५ मीटर म्हणजे एक चौक, दहा-बारा दुकाने, एखाद्या शाळेचे फाटक, एखादी वळणारी गल्ली. पूल उंच झाला की या सर्वांचा रस्त्याशी असलेला संबंध बदलतो. रुळांवरची उंची हा केवळ रेल्वेचा प्रश्न आहे असे वाटते. पण त्याचा परिणाम पन्नास पावलांवरच्या दुकानदाराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो.

वेळेचे गणित

गर्दीच्या उपनगरी मार्गावर शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली लोकल येईपर्यंत जेमतेम तीन तास मिळतात. त्यांतील पहिला अर्धा तास वीज बंद करण्यात व तारा जमिनीला जोडून निर्धोक करण्यात जातो. शेवटचा अर्धा तास पुन्हा सर्व तपासून वीज सोडण्यात. हाती उरतात दोन तास. म्हणजे दहा तासांच्या कामाला पाच रात्री लागतात, आणि प्रत्येक रात्री काम अशा अवस्थेत सोडावे लागते की, पहाटे त्याखालून गाडी निर्धास्त जाईल. अर्धवट कापलेला गर्डर तसाच लटकत ठेवता येत नाही. म्हणून पाडणीसारखी कामे तुकड्यातुकड्यांनी होऊ शकत नाहीत; त्यांना मोठा ब्लॉक घ्यावा लागतो.

हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये असाच मोठा ब्लॉक घेऊन उतरविला गेला. कर्नाक पुलासाठी १९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीपासून २७ तासांचा ब्लॉक जाहीर झाला. गॅस कटरने गर्डरांचे तुकडे करावयाचे, क्रेनने उचलावयाचे, ट्रकांवर वा वाघिणींवर ठेवावयाचे, आणि हे सारे मिनिटांच्या हिशेबाने करावयाचे. क्रेन कोठे उभी राहील, तिच्या पायाखालची जमीन तो भार सोसेल काय, तुकडा किती वजनाचा भरेल, याची आकडेमोड महिनोन्महिने आधी करावी लागते. दीडशे वर्षे उभा असलेला पूल अशा रीतीने एका शनिवार-रविवारात नाहीसा झाला.

उभारणीला मात्र अशी घाई चालत नाही. कर्नाकच्या जागी बांधलेला नवा पूल १० जुलै २०२५ रोजी ‘सिंदूर पूल’ या नावाने खुला झाला. पाडणीला एकच सुट्टी पुरली. भरून काढावयास अडीच वर्षांहून अधिक लागली. हँकॉकच्या जागीचा पूल वाहतुकीस खुला व्हावयास २०२२ साल उजाडले. त्याला सहा वर्षे लागली.

नवा गर्डर रुळांवर जागच्या जागी जोडता येत नाही. तो एका बाजूस, रुळांच्या हद्दीबाहेर, तात्पुरत्या मनोऱ्यांवर जुळवितात व मग रात्रीच्या ब्लॉकमध्ये थोडा थोडा पुढे सरकवितात. टेबलाच्या काठाबाहेर पट्टी सरकवून पाहा : निम्म्याहून अधिक बाहेर गेली की ती कलंडते. गर्डराचेही तसेच. म्हणून त्याच्या पुढच्या टोकाला हलक्या वजनाचे लांब नाक जोडतात, की ते आधी पलीकडच्या आधारावर जाऊन टेकावे. किंवा मागच्या टोकावर वजन ठेवतात. गोखले पुलाचे दोन मुख्य भाग प्रत्येकी सुमारे ९० मीटर लांबीचे व १,३०० टनांच्या घरातील वजनाचे होते. असा भाग रुळांवरून पार नेल्यावर काम संपत नाही. त्यास आडवा सरकवून जॅकच्या साहाय्याने, कित्येक मीटर उंचीवरून, चारही कोपरे सारख्या गतीने राखीत खाली बेअरिंगवर बसवावयाचे असते. एक कोपरा मागे राहिला की पीळ पडतो. हे काम मिलिमीटरांनी चालते, आणि एकेका उतरणीसाठी पुन्हा ब्लॉकची परवानगी लागते.

दोन टोके, दोन पातळ्या

गोखले पुलाचीच कथा पुढे पाहू. दुर्घटनेनंतर चार वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०२२ पासून, तो संपूर्ण बंद करण्यात आला. जुना पूल रुळांवरून उतरविण्याचे काम पश्चिम रेल्वेने केले. नवा बांधण्याचे काम महापालिकेने केले. आराखड्यास मंजुरी रेल्वेची. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू खुली झाली आणि त्याच सुमारास साऱ्या शहराच्या ध्यानात आले की, पश्चिमेकडे या पुलाला येऊन मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल नव्या पुलाच्या पातळीला येतच नाही. जुन्या पुलाला तो सरळ जोडलेला होता. नव्या नियमानुसार रुळांवरील उंची वाढली, पूल वर गेला, आणि बर्फीवाला पूल सुमारे दीड मीटर खाली राहिला. समोरासमोर आलेले दोन रस्ते आणि मध्ये माणसाच्या छातीएवढी पायरी. वृत्तपत्रांतून व लोकांच्या तोंडून त्याची भरपूर थट्टा झाली.

थट्टा सोडून आपण त्यातला धडा घेऊ. रुळांवरील भागाचे नकाशे पाहिले तर ते नियमानुसार होते. बर्फीवाला पूल तर आधीपासूनच आपल्या जागी सुस्थितीत उभा होता. सुटा सुटा प्रत्येक भाग बरोबर होता. चूक होती ती दोहोंच्या मधल्या सांध्यात. एकाच कागदावर, एका टोकाच्या रस्त्यापासून दुसऱ्या टोकाच्या रस्त्यापर्यंत, पातळीची एक सलग रेघ ओढली असती, तर ती पायरी बांधकामाच्या आधी कागदावर दिसली असती. लेव्हलिंग हा विषय आपल्याकडे कंटाळवाणा समजला जातो. त्याची किंमत अशा जागी कळते.

दुरुस्ती कशी झाली तीही अभ्यासण्यासारखी आहे. व्ही. जे. टी. आय. व आय. आय. टी. या संस्थांतील तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली बर्फीवाला पुलाचा टोकाकडील भाग न पाडता उचलण्याचे ठरले. हायड्रॉलिक जॅक लावून तो इंचाइंचाने वर घेण्यात आला. खाली पॅकिंग देत देत एका बाजूस १,३९७ मिलिमीटर व दुसऱ्या बाजूस ६५० मिलिमीटर. दोन बाजूंची उंची वेगळी, कारण संपूर्ण भाग सारखा उचलावयाचा नव्हता, तर त्याला नव्या पुलाकडे चढता उतार द्यावयाचा होता. ही जोडणी जुलै २०२४ मध्ये वाहतुकीस खुली झाली, व गोखले पुलाची दुसरी बाजूही पूर्ण होऊन सबंध पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. अवघड काम उत्तम रीतीने पार पडले, यात संशय नाही. परंतु उत्तम दुरुस्ती ही उत्तम नियोजनाची जागा घेऊ शकत नाही.

आता २०१८ मधला पदपथ आणि २०२४ मधली पायरी शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकीत पूल जुना होता, दुसरीत नवा. एकीत माणसे दगावली, दुसरीत केवळ वेळ व पैसा गेला. तरी दोन्हींचे मूळ एकच : दोन अधिकारांच्या मधली जी पट्टी, ती कोणाच्याच नजरेच्या पूर्ण टप्प्यात नव्हती. रुळांवरील पूल हा लोखंडाच्या दृष्टीने एकसंध असतो, फायलींच्या दृष्टीने दुभंगलेला. भार मात्र फायलींची हद्द पाहत नाही.

पूल नसतानाचे शहर

पूल बंद होतो त्या दिवशी शहराचा नकाशा बदलतो. रुळांच्या पलीकडची शाळा, जी काल दहा मिनिटांवर होती, ती आज पाऊण तासावर जाते. रुग्णवाहिकेला वळसा पडतो. वर्तमानपत्रांत वाहनांच्या रांगांची छायाचित्रे येतात, पण वाहने वळसा घेऊ शकतात; खरी कोंडी पायी चालणाऱ्याची होते. हँकॉक पूल पाडल्यावर पादचाऱ्यांसाठी तात्काळ दुसरी सोय नव्हती; लोक जीव धोक्यात घालून रूळ ओलांडू लागले आणि पादचारी पुलाची मागणी उच्च न्यायालयापर्यंत गेली. पूल हा माणसे रुळांवर येऊ नयेत म्हणूनच तर असतो. तो बदलण्याच्या कामात माणसे रुळांवर उतरत असतील, तर कामाचा आराखडा अपुरा होता असेच म्हणावे लागेल.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. जागा असेल तेथे जुन्या पुलाला लागून नवा आधी बांधावयाचा, वाहतूक त्यावर वळवावयाची, आणि मग जुना उतरवावयाचा. दादरच्या १९२५ सालच्या टिळक पुलासाठी हीच पद्धत स्वीकारून शेजारी तारांवर तोललेल्या नव्या पुलाचे काम हाती घेण्यात आले. जागा नसेल तेथे निदान पादचाऱ्यांसाठी हलका पूल आधी उभा करता येतो. २०१७ च्या एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी थोड्या महिन्यांत तेथे बेली पद्धतीचा पादचारी पूल उभारून दाखविला होता. म्हणजे साधन आहे. प्रश्न क्रमाचा आहे. पाडण्याची तारीख ठरविण्याच्या आधी ओलांडण्याची सोय ठरली पाहिजे.

आपल्यासाठी अभ्यास

वरील विवेचनावरून चार गोष्टी हाती लागतात. पुलाचे वय केवळ वर्षांत न मोजता त्यावर साठत गेलेल्या बोजाची नोंद वहीत ठेवावी. दोन खात्यांची तपासणी एकाच दिवशी, एकाच ब्लॉकमध्ये, वरून व खालून मिळून व्हावी. नव्या पुलाचा पातळीचा नकाशा रेल्वेच्या हद्दीवर न थांबता दोन्ही टोकांच्या जुन्या रस्त्यांना जाऊन मिळावा. आणि पायी चालणाऱ्याची वाट पाडणीच्या आधी तयार असावी. यांत एकही गोष्ट महागडी नाही किंवा परदेशी यंत्रावर अवलंबून नाही.

स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना यावर घरच्या घरी एक छोटा अभ्यास करता येईल. आपल्या गावातील रुळांवरच्या एखाद्या पुलावर, रुळांवर न उतरता व रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून, एवढेच पाहावे : कठड्याची उंची आज पदपथापासून किती उरली आहे? ती मूळच्यापेक्षा कमी वाटत असेल तर मधल्या काळात किती थर चढले असावेत? पदपथाखालून किती नळ व केबली गेल्या आहेत? पावसाचे पाणी कोणत्या सांध्यातून खाली गळते? चढ जेथे संपतो तेथून पहिला चौक किती पावलांवर आहे? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पूल एक वर्ष बंद राहिल्यास कोणाच्या खिशातून किती जाईल याचा अंदाज बांधावा. हिशेब केवळ पेट्रोलचा न करता हातगाडीवाल्याच्या गिऱ्हाइकाचा व मोलकरणीच्या एका घरच्या कामाचाही करावा.

असा अभ्यास मराठी विभागात छापला काय आणि कन्नड विभागात छापला काय, पुलावरून जाणाऱ्याला त्याचा उपयोग सारखाच. पूल पाडण्याची वेळ येण्याआधी तो वाचला गेला, तर अधिक बरे.